बारा व्होल्टांची मिजास

मोटार ही चालवण्यासाठी असते, असं एक विधान हल्ली मला उठता-बसता ऐकवलं जातं. ऐकवणारे तिघे. सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला मुलगा, आमच्या शेजारचे निवृत्त रेल्वे गार्ड आणि जर्मनीहून व्हिडिओ कॉलवर बोलणारा माझा धाकटा भाऊ. मोटार त्याची. दोन वर्षांच्या कामासाठी तिकडे जाताना त्याने ती नांदगावी माझ्या अंगणात आणून उभी केली आणि ‘दादा, घरचीच समज’ म्हणून विमानात बसला. तर या तिघांनाही मला जाहीरपणे सांगायचं आहे, की मोटार ही उभी राहण्यासाठीसुद्धा असते. चोवीस तासांतले वीस-बावीस तास बहुतेक मोटारी तेच करतात. ज्या वस्तूला तिचं मुख्य काम नीट जमत नाही, तिने मालकाला उपदेश करू नये.

चालवत जा म्हणजे कुठे चालवत जा? माझी बँक घरापासून सात मिनिटांवर. बाजार बँकेच्या अलीकडे. मनमाडला, नाशिकला जायचं तर रेल्वे आहे. नांदगावात रोज मोटार काढणाऱ्या माणसाला आधी कारण शोधावं लागतं. एकेकाळी, मनमाड-औरंगाबाद रेल्वे व्हायच्या आधी, म्हणजे 1900 सालापूर्वी, वेरूळची लेणी पाहायला निघालेले साहेब लोक आमच्या स्टेशनावर उतरत आणि टांग्याने पुढे जात. तो आमचा वाहतुकीचा सुवर्णकाळ. त्या टांग्यांची घोडीही उभी राहून उपाशी पडत असतील, नाही म्हणत नाही. पण घोडं निदान खिंकाळून कळवतं.

ही गाडी हायब्रीड. म्हणजे तिला पेट्रोलचं इंजिन आहे आणि विजेची मोटरही आहे. त्या मोटरीसाठी दोनशेच्या आसपास व्होल्टांची मोठी, महागडी बॅटरी. तिला आठ वर्षांची किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी. ऐकून माणूस दबतो. पण या महाराणीच्या दाराशी एक बारा व्होल्टांची किरकोळ बॅटरी शिपाई म्हणून बसवलेली असते. तिला इंजिन फिरवायचं काम नसतं, म्हणून ती मुळातच लहान ठेवलेली. तिने फक्त गाडीतले संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचं दार उघडायचं. पण गाडी उभी असताना चोरघंटी, घड्याळ, किल्लीची चाहूल घेणारं यंत्र, हे सगळे तिच्याच ताटात जेवतात. तीन आठवड्यांत ताट रिकामं. शिपाई झोपला की महाराणी आत पोटभर जेवून बसलेली, आणि दार बंद.

बँकेतल्या माणसाला हे चित्र ओळखीचं आहे. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकजण उगवला नाही, तर आत लाखो रुपये असूनही काउंटरवर पाचशे रुपये देता येत नाहीत. फरक एवढाच, की आमच्याकडे त्या माणसाच्या घरी शिपाई धाडता येतो. इथे शिपाईच बेशुद्ध.

बरं, धक्का मारावा? लाल एस.टी.ला उतारूंनी उतरून धक्का मारल्याचं पुण्य आमच्या पिढीच्या खात्यावर भरपूर जमा आहे. पण या गाडीला क्लच नाही. इंजिन फिरवायचं ते मोटरीने, मोटरीला हुकूम संगणकाचा आणि संगणकाला हवेत बारा व्होल्ट. शिवाय गिअर ‘पार्किंग’मध्ये अडकलेला, चाकंच फिरत नाहीत. आणि कळस असा, की या गाडीत ती बारा व्होल्टांची बॅटरी मागच्या डिकीत आहे, आणि डिकीचं दार उघडतं तिच्याच विजेवर. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावणारी माणसं आमच्या घराण्यातही होऊन गेली, पण त्यांना कोणी इंजिनिअर म्हटलं नाही.

हे सगळं मला हसत सांगता येतं, कारण त्या रात्री आईच्या छातीत जे दुखलं ते पित्त निघालं. पण ते मालेगावच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत पित्त नव्हतं. रात्रीचा दीड वाजलेला, अंगणात वीस लाखांची गाडी, आणि किल्लीचं बटण दाबावं तर दिवा नाही, आवाज नाही. किल्लीच्या पोटात लपवलेलं लोखंडी पातं काढून दार उघडलं, तर आत अंधार. शेवटी आई शेजारच्या कांद्याच्या पिकअपमधून गेली. पंधरा वर्षांची ती पिकअप पहिल्या किल्लीला सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला फोन केला. मुलगा म्हणाला, “सर, गाडी यूज होत नाही का? मग असंच होणार. ट्रकवर घालून नाशिकला पाठवा.” शंभरावर किलोमीटर! लहान बॅटरी मोठीच्या वॉरंटीत येत नाही, हेही त्याने आनंदाने सांगितलं. मी गाडीचं जाडजूड पुस्तक उघडलं. बॉनेटखाली जोडणीची टोकं निघाली. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी लावल्या आणि एका मिनिटात गाडी जागी झाली. तिला लागत होती ती चिमूटभर उसनवारी.

आता बँकेला शिव्या घालणाऱ्यांनी जरा ऐकावं. आमच्याकडे खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार केला नाहीत, तर खातं निष्क्रिय होतं. दोन वर्षं! तीन आठवडे नव्हे. त्यातही बचत खात्यावर व्याज चालूच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे एप्रिल 2024 पासून अशा खात्यात शिल्लक कमी पडली म्हणून दंड करता येत नाही, आणि खातं पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेले, तरी खातेदाराचा हक्क जात नाही. आणि काउंटरवर कोणी ‘पैसे काढत-भरत जा की’ म्हणून झापत नाही. निदान मी तरी नाही.

यावरचा अधिकृत उपाय असा, की आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून तासभर उभी ठेवा. म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी घेतलेल्या गाडीला जगवण्यासाठी जागच्या जागी पेट्रोल जाळा. दोन रविवार मी तेही केलं. गार्डसाहेब कुंपणावरून विचारायचे, “कुठे निघालात?” मी म्हणायचो, “कुठेच नाही.” तिसऱ्या रविवारी त्यांनी आमच्या हिला बाजूला घेऊन विचारलं, “साहेबांचं ठीक आहे ना?”

मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी तोडून ठेवावी लागते, दोनशे व्होल्ट म्हणजे खेळ नव्हे, असं सांगतात. मान्य. पण 2016 साली आलेल्या ह्युंदाई आयोनिक हायब्रीड आणि किआ नीरो या कोरियन गाड्यांत लहान बॅटरी पुरती मरायच्या आधीच स्वतःला तोडून घेते आणि डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं की पुन्हा जोडली जाते. एक बटण! आपल्याकडच्या जाहिराती लिटरला 27.97 किलोमीटर असं दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत सांगतात. मग गाडी किती दिवस उभी राहील, हा एक पूर्णांक त्याच टायपात छापायला शाई कमी पडते काय?

तूर्त मी साडेतीन हजारांचा चार्जर आणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली आहे. प्लग एकच. शेंगदाण्याचं कूट करायचं असलं की आई चार्जर काढून मिक्सर लावते, आणि काढलेला प्लग तसाच लोंबत राहतो. भावाने परवा विचारलं, “दादा, गाडी कशी आहे?” आई पलीकडून म्हणाली, “त्याला सांग, येताना बटण घेऊन ये.”