आधी कारकून द्या, मग चॅटबॉटचे बोला!

शाळेच्या मुख्याध्यापकावर कागदी कामाचा बोजा असह्य झाला आहे, हे आज कोणीच नाकारत नाही. शिक्षक नाकारत नाहीत, पालक नाकारत नाहीत, अधिकारीसुद्धा खाजगीत मान्य करतात. मतभेद आहे तो उपायाबद्दल. शिक्षक म्हणतात, निरर्थक कामे काढून घ्या आणि रिकाम्या जागा भरा. कंपन्यांच्या जाहिरातींतून आणि प्रशिक्षण वर्गांतून उत्तर येते : जागांचे राहू द्या, कृत्रिम बुद्धिमत्तेचा चॅटबॉट घ्या! तो परिपत्रके लिहील, अहवाल तयार करील, पालकांना पत्रे लिहील, वेळापत्रक लावील आणि शाळेचा विकास आराखडाही चुटकीसरशी हातात देईल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी बाजारात आले आणि हा मंत्र जगभर सुरू झाला. जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या शिक्षण खात्याने शाळांसाठी प्रशिक्षणाचे साहित्य काढले. वर्गात उवांची साथ आल्याचे पालकांना कळवण्यासारखी नित्याची पत्रे यंत्राकडून लिहून घेता येतील, इथपर्यंत त्या वेळी सांगण्यात आले. आपल्याकडेही तीच हवा वाहू लागली आहे.

रेल्वे आणि टपाल कामगारांना याच्याशी काय देणेघेणे, असे काही साथी विचारतील. देणेघेणे आहे, आणि बरेच आहे. आपली मुले याच शाळांत शिकतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरातली माणसे याच शाळांत नोकरी करतात. आणि ज्या मार्गाने हे यंत्र आज मुख्याध्यापकाच्या टेबलावर येत आहे, त्याच मार्गाने ते उद्या आपल्या डिव्हिजनल ऑफिसात येणार आहे.

बोजा आला कोठून?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिकाचे पद नसते. मुख्याध्यापकच कारकून, तोच भांडारपाल, तोच हिशेबनीस आणि बहुतेक ठिकाणी तोच वर्गशिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत १५० हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. म्हणजे वाडीवस्तीवरच्या शाळेत एक शिक्षक प्रभारी म्हणून हे सारे ओढतो आणि वर चार इयत्ता शिकवतो. जनरल रजिस्टर, हजेरीपट, पोषण आहाराच्या तांदूळ-डाळीचा साठा, शिष्यवृत्तीचे अर्ज हे जुने काम होतेच. त्यावर २०१५ पासून 'सरल' आले, मग यू-डायस प्लस आले, मग प्रत्येक मुलाचे आधार आणि त्यावर 'अपार' क्रमांक. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव ही तीच माहिती पुन्हा पुन्हा भरायची. सकाळी मोबाइलवर निरोप येतो, 'माहिती आजच पाठवा', आणि वर्ग वाऱ्यावर सोडून शिक्षक रेंज शोधत फिरतो.

त्याच कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी तीन कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. कायदा कागदावर आहे, आणि शिक्षकही कागदातच बुडाला आहे! दुसरीकडे ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातील अनुदानित खाजगी शाळांत शिपायांच्या पदांऐवजी ठोक भत्ता देण्याचे ठरले. माणूस काढला, भत्ता ठेवला. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी प्रशासनाच्या व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडण्याचे आंदोलन केले ते उगाच नव्हे. त्यांना आळस चढला नव्हता, त्यांना शिकवायचे होते.

तेव्हा रोग स्पष्ट आहे. माणसे कमी आणि मागणी अमर्याद. चॅटबॉट या दोन्हींपैकी एकालाही हात लावत नाही.

लिहिणे स्वस्त झाले की मागणे वाढते

यंत्र आले की काम हलके होईल, हे आश्वासन आम्ही पूर्वीही ऐकले आहे. रेल्वेत संगणकीय आरक्षण १९८६ च्या सुमारास आले. प्रवाशाची सोय झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण १९९१ च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाख कर्मचारी होते, ते पुढच्या तीस वर्षांत बारा लाखांच्या आसपास आले. गाड्या वाढल्या, प्रवासी वाढले, माणसे घटली. ही सारी घट संगणकाने केली असे आम्ही म्हणत नाही. कंत्राटीकरण आणि भरतीबंदी त्याला जबाबदार आहे. पण 'आता यंत्र आहे ना' हे वाक्य प्रत्येक वेळी भरती टाळणाऱ्यांच्या तोंडी होते.

शाळेत काय होईल ते पाहा. आज केंद्रप्रमुख एक पानाचा अहवाल मागतो, कारण मुख्याध्यापकाला तो हाताने लिहावा लागतो हे त्याला ठाऊक असते. उद्या यंत्र दोन मिनिटांत दहा पाने लिहिते हे कळले की दहा पाने मागितली जातील, फोटोसह आणि दर आठवड्याला. खाली मुख्याध्यापक यंत्राकडून लिहून घेईल, वर साहेब यंत्राकडून त्याचा गोषवारा काढून घेईल. लिहिणारा माणूस नाही, वाचणारा माणूस नाही. मधल्या मध्ये मुलाच्या गणिताचा तास मात्र गेला. याला कामाचा बोजा कमी करणे म्हणायचे?

अमेरिकेतले तीन धडे

हे केवळ आमचे तर्क नाहीत. जेथे हा प्रयोग आधी झाला तेथे काय घडले ते तपासावे.

पहिला धडा आयोवा राज्याचा. तेथे २०२३ साली शाळेच्या ग्रंथालयातून लैंगिक वर्णने असलेली पुस्तके काढण्याचा कायदा झाला. मेसन सिटी या गावच्या शाळा प्रशासनाकडे प्रत्येक पुस्तक वाचायला ना माणसे होती ना वेळ. म्हणून त्यांनी चॅटजीपीटीलाच विचारले की अमुक पुस्तकात असे वर्णन आहे काय. त्यातून १९ पुस्तके कपाटातून गेली आणि त्यांत नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ही कादंबरीही होती. कायदा करणाऱ्यांनी माणसे दिली नाहीत, प्रशासनाने यंत्राला विचारले, आणि मुलांच्या हातचे पुस्तक गेले.

दुसरा धडा टेनेसी राज्यातील व्हॅंडरबिल्ट विद्यापीठाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगनच्या एका विद्यापीठात गोळीबार होऊन विद्यार्थी मारले गेले. त्यावर व्हॅंडरबिल्टच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारे पत्र पाठवले. पत्राच्या तळाशी ओळ होती की मजकूर चॅटजीपीटीच्या आधाराने केला आहे. विद्यार्थी खवळले, प्रशासनाला माफी मागावी लागली. सांत्वनाचे दोन शब्दसुद्धा यंत्राकडून आणणाऱ्या संस्थाप्रमुखावर कोण विश्वास ठेवील?

तिसरा धडा लॉस एंजेलिसचा. अमेरिकेतील या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या शाळा मंडळाने मार्च २०२४ मध्ये 'एड' नावाचा चॅटबॉट वाजतगाजत आणला. हजेरी, गुण, बसची वेळ असे सारे तो पालकांना सांगणार होता. तीन महिन्यांत तो बनवणाऱ्या ऑलहिअर कंपनीने आपले बहुतेक कर्मचारी घरी बसवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. तोवर मंडळाचे सुमारे ३० लाख डॉलर खर्ची पडले होते. तेवढ्या पैशात किती कारकून नेमता आले असते?

सही कोणाची, मान कोणाची?

चॅटबॉट विचार करून लिहीत नाही. पूर्वी वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधाराने पुढचा संभवनीय शब्द तो जुळवतो. म्हणून त्याची भाषा नेहमी ठाम असते, माहिती खरी असो वा खोटी. अस्तित्वात नसलेल्या परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांकही तो देऊ शकतो. २०२३ साली न्यूयॉर्कमधील वकिलांनी त्याच्यावर विसंबून न घडलेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयात दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. दंड वकिलांना झाला, यंत्राला नाही. मुख्याध्यापकाचेही तेच होईल. मसुदा यंत्राचा, सही त्याची, आणि चौकशी लागली की मानही त्याचीच.

टपाल कामगारांना यासाठी ब्रिटनचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील पोस्टात १९९९ पासून फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही हिशेबाची प्रणाली आली. ती चॅटबॉट नव्हती, साधी हिशेबाची प्रणाली होती. यंत्राने तूट दाखवली म्हणून पोस्टमास्तरांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले, ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, अनेकांची घरेदारे गेली. प्रणालीतच दोष होते हे डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले आणि २०२४ साली कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्र म्हणते म्हणजे खरेच असणार, या एका समजुतीने वीस वर्षे निरपराध माणसे चिरडली.

आता हेच आपल्या दारात आणून पाहा. शिक्षकाचा गोपनीय अहवाल किंवा कारणे दाखवा नोटीस जर मुख्याध्यापक यंत्राकडून लिहून घेऊ लागला, तर उद्या आपले एसएफ-५ किंवा रूल १४ चे आरोपपत्रही तसेच येईल. शिस्तभंग अधिकाऱ्याने स्वतःची बुद्धी वापरून, कारणे देऊन आदेश काढावा, ही 'स्पीकिंग ऑर्डर'ची अट कामगारांनी केस लढवून पक्की करून घेतली आहे. उसन्या बुद्धीचा आदेश आम्ही का मान्य करावा?

साहेबांच्या फायली मोलाच्या, मुलांच्या नाहीत?

२९ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना सूचना दिली की कार्यालयीन संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीक अशी साधने वापरू नयेत; सरकारी माहितीची गुप्तता धोक्यात येते. सूचना योग्यच होती. मग आमच्या मुलांची जात, आजार, अपंगत्व, आईवडिलांचे उत्पन्न, आधार क्रमांक ही माहिती मुख्याध्यापकाने परक्या कंपनीच्या यंत्रात का ओतावी? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानून पालकाच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. दिल्लीच्या फायलीला जो पहारा, तोच गावच्या पटावरच्या मुलाला मिळाला पाहिजे.

आमचा विरोध यंत्राला नाही

आम्ही यंत्र फोडायला निघालेलो नाही. सिकंदराबाद किंवा इटारसीच्या रेल्वे वसाहतीत मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारे पालक शेजारी शेजारी राहतात. एक सूचना तिन्ही भाषांत करून मिळाली आणि ती माणसाने तपासून लावली, तर ती सोयच आहे. वेळापत्रकाचा कच्चा आराखडा, सभेच्या टिपणाची स्वच्छ प्रत, यालाही आमची हरकत नाही. केरळने २०२४ साली ८० हजार शिक्षकांचे प्रशिक्षण सरकारी 'काईट' संस्थेमार्फत हाती घेतले. शिक्षकाला यंत्राची खोड कळली पाहिजे ही दिशा बरोबर आहे. याउलट अमेरिकेतील एका मोठ्या शिक्षक संघटनेने जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट, ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या कंपन्यांच्या २ कोटी ३० लाख डॉलरवर प्रशिक्षण संस्था काढण्याचे जाहीर केले. माल विकणाऱ्याच्या पैशाने मालाची परीक्षा होत नसते, असे आमचे मत आहे.

आपल्या चळवळीने दुसरी वाट दाखवली आहे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाबाबत व्यवस्थापनाशी लेखी करार केला. यंत्र कोठे येईल, किती येईल, हे टेबलावर बसून ठरले. शिक्षकाला मात्र हे टेबलच नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालील 'कामगार' नव्हे. त्या कायद्यातील सेवाशर्ती बदलण्यापूर्वीच्या नोटिशीचे संरक्षण त्यामुळे त्याला मिळाले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा जाऊन श्रमसंहिता आली. रेल्वे आणि टपाल कर्मचाऱ्यांनाही ती नोटीस मिळत नसे. आपण जे मिळवले ते पीएनएम आणि जेसीएमच्या टेबलावर, संघटनेच्या बळावर मिळवले. ते बळ आज शिक्षकांच्या पाठीशी उभे करायचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१) प्रत्येक केंद्रातील शाळांसाठी कायम लिपिक नेमा, शिपायांची व मुख्याध्यापकांची रिक्त पदे भरा.

२) एकदा भरलेली माहिती दुसऱ्या पोर्टलवर पुन्हा मागू नका, कलम २७ चे पालन करा.

३) चॅटबॉटची सक्ती नको, आणि तो आहे म्हणून एकही पद कमी करायचे नाही, हे लेखी द्या.

४) प्रवेश, शिस्त, निकाल, शिक्षकाचा गोपनीय अहवाल व कारवाई यांत यंत्राचा मसुदा वापरण्यास बंदी घाला.

५) मुलाची कोणतीही ओळख पटणारी माहिती खाजगी यंत्रात घालू नका.

६) असे कोणतेही साधन आणण्यापूर्वी शिक्षक संघटना व शाळा व्यवस्थापन समितीशी चर्चा करा.

साथींनो, आपल्या शाखेच्या पुढील सभेत हा विषय घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी जे पालक आहेत त्यांनी तेथे साधा प्रश्न विचारावा : 'आमच्या मुलांची माहिती कोणत्या यंत्रात गेली, आणि कारकुनाची जागा कधी भरणार?' गावातल्या शिक्षकांच्या मोर्चात आपला लाल बावटा दिसला पाहिजे. मुख्याध्यापकाची पाठ आज रिकामी पडली, तर उद्या आपल्या पाठीशी कोण उभे राहणार?

कामगार-शिक्षक एकजुटीचा विजय असो!