वागणं चुकीचं, की बाईच चुकीची?

इंग्रजी व्याकरणाचा आणि स्त्रीमुक्तीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावातल्या मुली आता सोलापूर-पुण्याला नोकरीला जातात. तिथे खुलासा, तक्रार, वरिष्ठांचा शेरा, पुष्कळदा सगळं इंग्रजीत असतं. कुणाच्या वागण्याला नावं ठेवताना कोणती वाक्यरचना निवडायची, हा प्रश्न तिथे मार्कांपुरता राहत नाही.

'शी इज केअरलेस' म्हटलं की ती बाईच निष्काळजी ठरते. काल, आज आणि उद्याही. 'शी इज बीइंग केअरलेस' म्हणजे ती आत्ता तशी वागते आहे, एवढंच. 'इट वॉज केअरलेस ऑफ हर टु गो' हे एका कृतीबद्दल बोलतं, पण त्यातला 'ऑफ' दोष तिच्या पदरात टाकतो. याउलट 'इट वॉज डिफिकल्ट फॉर हर टु गो' यात 'फॉर' आला; अडचण तिच्यापुढे होती, दोष तिचा नव्हे. तसंच 'शुड नॉट हॅव गॉन' म्हणजे जाऊन तिनं चूक केली, आणि 'नीड नॉट हॅव गॉन' म्हणजे गेली, पण जायची गरज नव्हती. मराठीत आपण दोन्हीला 'जायला नको होतं' म्हणून मोकळे होतो आणि ऐकणारा त्यातला दोषच तेवढा उचलतो.

आपल्या बोलण्यातही ही निवड रोज होत असते. बाई उलट बोलली की 'ती भांडखोरच आहे'. नवऱ्यानं मारलं की 'रागाच्या भरात हात उचलला गेला'. तिच्या वाट्याला 'आहे', त्याच्या वाट्याला 'गेला'. तिचा स्वभाव ठरतो, त्याच्या वाक्यातून कर्ताच नाहीसा होतो.

याची किंमत मथुरेनं मोजली. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. मथुरेला खोटारडी आणि शरीरसंबंधांना सरावलेली ठरवलं. पोलिसांनी काय केलं, हा प्रश्न मागे पडला आणि मुलगी कशी आहे, हा पुढे आला. उच्च न्यायालयानं दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तरीही १८७२ च्या पुरावा कायद्यातलं एक कलम तसंच राहिलं. तक्रारदार बाई 'वाईट चालीची आहे' असं दाखवून तिची साक्ष मोडून काढायची मुभा ते देत होतं. ते २००२ च्या दुरुस्तीनं गेलं. 'ती तशीच आहे' या वाक्याला एकशेतीस वर्षं कायद्याचा आधार होता!

म्हणूनच, मैत्रिणींनो, आपण टीका करतानाही वाक्य पारखून घेऊया. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार लेखी द्यावी लागते, तीही साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. त्यात 'ही इज अ बॅड मॅन' लिहिलं, तर तो किती सज्जन आहे हे सांगायला दहा साक्षीदार उभे राहतील. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, तो हे बोलला आणि त्यानं हे केलं, असं लिहिलं तर उत्तर त्या कृत्याचंच द्यावं लागेल.

हा मवाळपणा आहे का? मुळीच नाही. रोज मारणाऱ्याला 'तापट' म्हणणं मवाळ; 'तो रोज मारतो' हे खरं कठोर वाक्य. विशेषणाला पळवाट असते. कर्ता आणि क्रियापद जागेवर असलं की पळायला वाट उरत नाही, ना त्याला, ना आपल्याला.