सुईच्या पुढे दोरा

सुई पुढे आणि दोरा मागे, हा घरोघरचा रिवाज. पण १८७८ सालच्या जानेवारीत एक सुई अशी निघाली की तिचा दोरा तिच्या पुढे चालत होता. सुई होती २१ मीटर उंचीची आणि सव्वादोनशे टनांच्या आसपास वजनाची. दोरा होता एका आगबोटीचा जाडजूड दोरखंड.

लंडनला जाऊन आलेल्या मंडळींनी ही सुई पाहिली असेल. थेम्सच्या काठी, बांधावर, ती उभी आहे. तिला 'क्लिओपात्राची सुई' म्हणतात खरे, पण त्या राणीचा आणि तिचा संबंध नावापुरताच. राणी जन्माला येण्याच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी इजिप्तच्या तिसऱ्या थुटमोस राजाने आस्वानच्या ग्रॅनाइटातून हा खांब घडवून घेतला होता. या खांबाचे पुराण पुष्कळांनी लिहिले आहे. मला आज बोलायचे आहे ते त्याला ओढून आणणाऱ्या माणसाविषयी, आणि अशा माणसाचा माग घरच्या कागदांतून कसा काढतात त्याविषयी. घराण्यांच्या इतिहासाचा मला जुना नाद आहे. तेव्हा सणाच्या दिवशी थोडे जुने कागद चाळले तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

इजिप्तचा सत्ताधीश महंमद अली याने १८१९ साली हा खांब इंग्रजांना नजर केला. नजराणा गोड मानून घेतला गेला, पण तो न्यायचा खर्च ऐकून सरकार गप्प बसले. अठ्ठावन्न वर्षे खांब अलेक्झांड्रियालाच पडून राहिला. अखेर इरॅस्मस विल्सन नावाच्या डॉक्टराने पदरचे १०,००० पौंड काढले आणि जॉन डिक्सन या इंजिनियराने युक्ती लढवली. खांबाभोवती त्याने २८ मीटर लांबीचे लोखंडी नळकांडे बांधले, त्याला सुकाणू, डोलकाठी आणि माणसांपुरती खोली जोडली, आणि ते चक्क समुद्रात सोडले. इंजिन मात्र नव्हते. 'ओल्गा' नावाच्या आगबोटीने ते ओढायचे ठरले.

१४ ऑक्टोबर १८७७ रोजी बिस्केच्या उपसागरात वादळाने गाठले. नळकांडे कलंडू लागले. त्यावरच्या माणसांना वाचवण्यासाठी 'ओल्गा'वरचे सहा खलाशी आपण होऊन लहान होडीत उतरले. होडी उलटली आणि सहाही जण गेले. पुढे 'ओल्गा'च्याच कप्तानाने बोट जवळ घालून नळकांड्यावरचा कप्तान आणि त्याची पाच माणसे वाचवली. मग दोर सोडून दिला. सुई बुडाली असे सर्वांनी धरले. ती मात्र तरंगत राहिली! 'फिट्झमॉरिस' नावाच्या आगबोटीने तिला धरून स्पेनच्या फेरोल बंदरात नेले आणि मालकांनी ५,००० पौंडांचा दावा ठोकला. शेवटी २,००० पौंडांवर सौदा मिटला.

आता येतो आपला माणूस. फेरोलहून सुई आणण्यासाठी विल्यम वॉटकिन्स यांच्या पेढीची 'अँग्लिया' ही चाकांची टगबोट ठरवण्यात आली. तिला तीन धुराडी होती म्हणून नदीवरचे लोक तिला 'तीनबोट्या जॅक' म्हणत. तीन बोटांची बोट! तिचा कप्तान डेव्हिड ग्लू. ज्या समुद्रात तीन महिन्यांपूर्वी सहा माणसे गेली होती, त्याच समुद्रातून, तेही ऐन हिवाळ्यात, त्याने ते आंधळे नळकांडे ओढत आणले. २१ जानेवारी १८७८ रोजी ते थेम्सच्या मुखाशी पोचले तेव्हा ग्रेव्हसेंडच्या शाळकरी मुलांना सुट्टी मिळाली होती.

१२ सप्टेंबर १८७८ रोजी खांब उभा राहिला. त्याच्या पायात पुढच्या पिढ्यांसाठी वस्तू पुरल्या आहेत: आगगाड्यांचे वेळापत्रक, चिरुटांची पेटी, केसांचे आकडे, बारा सुंदर इंग्रज स्त्रियांची छायाचित्रे, आणि आपला एक रुपयासुद्धा! चौथऱ्यावरच्या पाट्यांवर विल्सन आहे, डिक्सन आहे, आणि बुडालेल्या सहा खलाशांची नावे आहेत, हे फारच चांगले केले. ज्याने सुई घरी आणली त्या कप्तानाला मात्र ओळभर जागा मिळाली नाही.

टगवाल्यांचे नशीबच असे. १८३८ साली 'टेमरेअर' या जुन्या लढाऊ जहाजाला मोडीत काढण्यासाठी दोन टगबोटींनी ओढत नेले. 'लंडन' आणि 'सॅमसन' ही त्यांची नावे. टर्नर या चित्रकाराने त्यावर जगप्रसिद्ध चित्र काढले. त्यात टगबोट एकच आहे, आणि शीर्षकात नाव आहे ते जहाजाचे.

मग अशा कप्तानाचे आयुष्य शोधायचे कोठे? त्याच्या घरात. इंग्लंडातली नातवंडे-पणतवंडे हा शोध कसा घेतात ते पाहण्यासारखे आहे.

पहिली पायरी जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले. तेथे सरकारी नोंदणी १८३७ साली सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी गावच्या चर्चचे दप्तर. दुसरी पायरी खानेसुमारी. १८४१ पासून दर दहा वर्षांनी घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि धंदा लिहिलेला सापडतो. एका दशकात 'होडीवाल्याचा उमेदवार', पुढच्यात 'खलाशी', त्याच्या पुढच्यात 'टगबोटीचा कप्तान', अशी एका माणसाची चढण चार कागदांत दिसू शकते. मुलांची जन्मगावे वाचली की बिऱ्हाड नदीकाठाने कसे सरकत गेले तेही कळते. आणि खानेसुमारीच्या रात्री बाप पाण्यावर असला तर? मग घराच्या नोंदीत वरचे नाव बायकोचे येते आणि धंद्याच्या रकान्यात 'खलाशाची पत्नी' एवढेच. ते दोन शब्द वाचताना मला नेहमी वाटते की त्या बाईने दार लावून घेताना वाऱ्याचा आवाज नक्की ऐकला असेल.

थेम्सवर होडी चालवायची तर होडीवाल्यांच्या जुन्या मंडळीकडे उमेदवारी करावी लागे. त्या करारांची बाडे जपलेली आहेत. मृत्युपत्रांची यादी १८५८ पासून देशभराची एकत्र छापली जाऊ लागली. तीत पत्ता, मृत्यूची तारीख, इस्टेटीची व्यवस्था पाहणाऱ्यांची नावे आणि मागे राहिलेली रक्कम मिळते. आयुष्यभर दुसऱ्यांची जहाजे ओढणाऱ्याने स्वतःसाठी काय ओढून ठेवले, ते एका आकड्यात!

पण खरी गंमत खलाशांच्या याद्यांची. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की 'आपल्या पणजोबांनी सुई आणली', तर खरे-खोटे करायला त्या सफरीची यादी हवी. १८६३ ते १९३८ या काळातल्या याद्या इतक्या होत्या की सगळ्या ठेवायला जागा मिळेना. मग वाटणी झाली. दहा टक्के लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात राहिल्या, ५ ने संपणाऱ्या सालांच्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाने घेतल्या, आणि सुमारे सत्तर टक्के अटलांटिकपार न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाने उचलून नेल्या. सुईचे साल १८७८. म्हणजे ग्रिनिचची वाट बंद. थेम्सवरच्या माणसाची खूण पटवायला बहुधा न्यूफाउंडलंडला पत्र लिहावे लागणार.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे कुलवृत्तांत आहेत, जन्मपत्रिका आहेत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. त्या वह्यांत सात पिढ्यांची नावे क्षणात निघतात, आणि त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. सगळ्या देशाची एकाच वेळी खानेसुमारी आपल्याकडे १८८१ साली झाली. पण घरोघरच्या याद्या जपल्या गेल्या नाहीत, फक्त बेरजा उरल्या. त्यामुळे आपल्या पणजोबांचे नाव आणि गोत्र आपल्याला पाठ असते, पण ते दिवसभर काय काम करीत हे विचारले की आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. कुलवृत्तांतात लिहिलेले असते, 'नोकरीनिमित्त मुंबईस'. कसली नोकरी? गिरणीत साचा चालवीत की गोदीत दोर ओढीत? आणि पणजीच्या नावापुढे तर तेही नसते. सासरचे नाव, माहेरचे आडनाव, की झाले.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची किती माणसे विलायती आगबोटींवर खलाशी होती! 'पी अँड ओ' कंपनीच्या बोटींवर तर त्यांचा मोठा भरणा असे. अशा घरांसाठी एक चांगली बातमी सांगतो. १९१५ सालच्या ब्रिटिश बोटींवरील खलाशांच्या याद्या आता संगणकावर खुल्या आहेत. घरच्या कोणाचे नाव त्यात भेटेल, कोणाचे भेटणार नाही. पण शोधायला बसणाऱ्याजवळ निदान बोटीचे नाव हवे, आणि ते नाव कोणत्याही दप्तरखान्यापेक्षा आधी घरातल्या एखाद्या आत्याबाईच्या तोंडी असते. दप्तरखाना थांबू शकतो. आत्याबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून या दिवाळीत माझे एवढे ऐका. भाऊबीजेला मंडळी जमली की वडीलधाऱ्यांना वंशावळ विचारू नका. ती मिळेल कोठेही. आजोबा सकाळी किती वाजता निघत ते विचारा. डब्यात काय नेत, घरी आले की कपड्यांना तेलाचा वास येई की कापसाचा, पगाराच्या दिवशी काय आणीत, आणि ते बाहेर असताना आजी घर कशावर चालवी, हे विचारा. उत्तर आले की लगेच वहीत टिपा. खाली सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला, म्हणजे पणतवंडांना खरे-खोटे करता येईल. चिवड्याचा तेलकट हात वहीला लागला तरी चालेल.