घड्याळ तेच, गुण मात्र कमी!

दुकानाच्या फळीवर जो माल मांडला, तोच गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडला पाहिजे. व्यापाराचा हा पहिला नियम आहे. तो मोहल्ल्यातील किराणा दुकानदाराला लागू आहे आणि जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांनाही लागू आहे. परंतु गेल्या काही वर्षांत अमेरिकेत एका घड्याळाच्या बाबतीत जे घडले, त्यावरून आपण व्यापारी आणि कारागीर यांनी विचार करावा असे पुष्कळ आहे. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

अ‍ॅपल या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या सहाव्या मालिकेच्या मनगटी घड्याळात रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची सोय दिली. तो कोरोनाचा काळ होता. बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर तेव्हा घरोघरी पोहोचला होता. औषधांच्या दुकानांत त्यासाठी रांगा लागत. त्याचेच काम मनगटावरचे घड्याळ करणार म्हटल्यावर लोकांना त्याचे अप्रूप वाटणे साहजिक होते. यामागची युक्ती मात्र नवी नाही. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण कातडीत सोडायचे. प्राणवायू असलेले रक्त आणि नसलेले रक्त हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. परत येणारा प्रकाश मोजून हिशेब मांडायचा. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये या पद्धतीचा पाया घातला.

अडचण अशी होती की रुग्णाने हात हलवला किंवा त्याचे हातपाय गार पडले की हे यंत्र चुकत असे. ती अडचण दूर करण्याचे काम १९८९ मध्ये स्थापन झालेल्या मासिमो या कॅलिफोर्नियातील कंपनीने केले आणि त्याची पेटंटे घेतली. रुग्णालयांत तिची यंत्रे चालतात. मासिमोचे म्हणणे असे की २०१३ मध्ये अ‍ॅपलने सहकार्याच्या निमित्ताने आपल्याशी बोलणी केली, नंतर आपलीच जाणती माणसे नोकरीस घेतली आणि आपले ज्ञान घड्याळात वापरले. अ‍ॅपलने हे आरोप नाकारले. आपले तंत्र आपणच घडवले, असे तिचे म्हणणे आहे.

जानेवारी २०२० मध्ये मासिमोने न्यायालयात दावा लावला. २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडेही गेली. हा आयोग नुकसानभरपाई देत नाही, पण परदेशातून येणारा माल सीमेवर अडवण्याचा हुकूम देऊ शकतो. अ‍ॅपलची घड्याळे अमेरिकेबाहेर तयार होतात, हे येथे ध्यानात घ्यावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोगाने पेटंटचा भंग झाल्याचे ठरवून आयातबंदीचा हुकूम काढला. डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या ऐन हंगामात, कंपनीला दोन नव्या घड्याळांची स्वतःची विक्री काही दिवस थांबवावी लागली. वरच्या न्यायालयाने हुकुमाला तात्पुरती स्थगिती दिली, पण ती जानेवारी २०२४ मध्ये उठली. त्यानंतर १८ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या नगांतून कंपनीने ही सोय बंद केली. घड्याळ तेच, काचही तीच, पाठीवरचे दिवेसुद्धा तेच. गिऱ्हाइकाने त्या चिन्हावर बोट ठेवले की सोय उपलब्ध नाही, एवढाच निरोप मिळे. किंमत मात्र उतरली नाही.

आधी विकलेल्या घड्याळांतील सोय चालू राहिली. अमेरिकेबाहेर, आपल्या देशातही, ती बंद झाली नाही. सुमारे दीड वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये, अ‍ॅपलने वाट काढली. मोजमाप घड्याळ करणार, पण आकडेमोड खिशातील फोन करणार आणि उत्तरही फोनवरच दिसणार. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने या नव्या रचनेला मान्यता दिली, तेव्हा मासिमोने त्या खात्यावरच दावा लावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्युरीने दुसऱ्या एका पेटंटच्या प्रकरणात मासिमोला ६३ कोटी ४० लाख डॉलर देण्याचा कौल दिला. ते पेटंट २०२२ मध्येच संपले होते! अ‍ॅपलने अपील करण्याचे जाहीर केले. उलट बाजूने पाहिले तर ऑक्टोबर २०२४ मध्ये डेलावेअरच्या ज्युरीने मासिमोच्या पहिल्या घड्याळांनी अ‍ॅपलच्या बाह्य रचनेच्या हक्काचा भंग केल्याचे ठरवून अ‍ॅपलला २५० डॉलर देवविले. म्हणजे या भांडणात दोन्ही पक्ष धुतल्या तांदळासारखे आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

आता यातून आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट गिऱ्हाइकाच्या हक्काची. आपल्या अनेक बांधवांचा मोबाईल, घड्याळे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा धंदा आहे. परदेशातून आणलेला नगही बाजारात फिरतो. समजा, एखाद्या मुलाने वडिलांना दम्याचा त्रास आहे म्हणून प्राणवायू मोजणारे घड्याळ मागितले आणि दुकानदाराने अमेरिकेहून आलेला, २०२४ चा, सोय काढलेला नग त्याच्या हाती दिला. डबा सीलबंद आहे, नाव मोठे आहे, बिलही पक्के आहे. तरीही हा सौदा खरा झाला का? आमच्या मते नाही. हदीसमध्ये आलेला प्रसंग आपण सर्वजण जाणतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातील धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. पाऊस पाडणे त्या विक्रेत्याच्या हाती नव्हते. पेटंटचा हुकूमही दुकानदाराच्या हाती नाही. पण ओले धान्य वर ठेवणे हे दोघांच्याही हाती आहे.

शिवाय हेही सांगावे की असले घड्याळ वैद्यकीय उपकरण नव्हे. खुद्द कंपनीच ही सोय वैद्यकीय उपयोगासाठी नसल्याचे सांगते. दम लागलेल्या माणसाने मनगटाकडे पाहत बसू नये, डॉक्टरकडे जावे. हे वाक्य बोलल्याने कदाचित एखादे गिऱ्हाईक कमी होईल, पण एखाद्याचा जीव वाचेल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती आपल्याच अंगाशी येते. मोठी कंपनी लहान कंपनीचे ज्ञान घेते, असे ऐकले की आपल्याला संताप येतो. पण मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्तीत काय चालते? एका कारखानदाराने खर्च करून, कारागीर बसवून साडीची नवी किनार काढावी आणि ती बाजारात चालली असे दिसताच शेजारच्या गल्लीत हलक्या सुतात तीच किनार विणली जावी, याला आपण काय म्हणतो? धंदा म्हणतो! जो कारागीर हात चालवतो त्याचा कस आणि ज्याने डोके चालवले त्याची मेहनत यांत आपण फरक करतो. हाताचे मोल देतो, डोक्याचे फुकट मानतो.

बौद्धिक हक्क ही मालमत्ता आहे काय, याबद्दल पूर्वी काही उलमांना शंका होती. परंतु आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील बैठकीत स्पष्ट ठराव केला. व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांवरील हक्कांना आजच्या व्यवहारात आर्थिक मोल आले आहे, शरीअतच्या दृष्टीने ते जपण्याजोगे आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा त्या ठरावाचा आशय आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या व्यापाऱ्यांना लोकांच्या वस्तूंत घट करू नका असे सांगितल्याचे कुरआनात आले आहे. दुसऱ्याच्या कल्पनेचे मोल शून्य धरणे हीसुद्धा घटच होय, असे आम्हांस वाटते.

याचा अर्थ प्रत्येक पेटंटपुढे मान तुकवावी असा नाही. पेटंट ही समाजाने शोधकाला दिलेली मुदतीची सवलत आहे. आपल्या कायद्यात ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. जे ज्ञान सर्वांचे आहे, त्यावर कोणी एकट्याचे कुलूप लावू पाहील तर ते तोडलेच पाहिजे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. पुरावा लिखित होता म्हणून लढाई जिंकता आली, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट हीच. आपला कारागीर लिहून ठेवत नाही. मासिमो एवढ्या धनाढ्य कंपनीशी टिकून भांडू शकली, कारण तिच्याजवळ नोंदलेले कागद होते. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे बनवणाऱ्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या भोपळ्याला सूर दिला. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आणि मिरजेच्या नावावर मिरजेचा कायदेशीर हक्क लागला. कोल्हापुरी चपलेची अशी नोंद आधीच होती. म्हणून जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, तेव्हा आवाज उठवायला आधार होता. कंपनीला प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचे मान्य करावे लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला.

नोंदणी ही केवळ बड्यांची गोष्ट नाही. कापडावरील नव्या नक्षीसाठी डिझाइन कायदा २००० आहे. त्यात १० वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. मात्र माल बाजारात दाखवण्यापूर्वी अर्ज केला पाहिजे, नंतर केलेला उपयोगाचा नाही. दुकानाच्या किंवा मालाच्या नावासाठी व्यापारचिन्हाची नोंद १० वर्षे चालते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. व्यक्ती आणि लहान उद्योगांना सरकारी फीमध्ये मोठी सवलत आहे. पेटंटच्या ऑनलाइन अर्जाला बड्या कंपनीला ८,००० रुपये पडतात, तेथे लहानाला १,६०० रुपये पडतात. वकिलाचा खर्च वेगळा, हे खरे. पण मोहल्ल्यातील जमातींनी, विणकरांच्या सोसायट्यांनी आणि व्यापारी संघांनी मिळून एक जाणकार वकील धरला, तर तो खर्च विभागला जाईल. लग्नाच्या मांडवासाठी आपण वर्गणी काढतो. कारागिराच्या हक्कासाठी काढायला काय हरकत आहे?

अमेरिकेतील भांडणात दोन्ही बाजूंना महागडे वकील होते. दीड वर्ष कमी गुणाचे घड्याळ घेऊन जो घरी गेला, त्याच्या बाजूने कोणी उभे नव्हते. आपल्या पेठेत त्याच्या बाजूने आपण उभे राहू शकतो. माल देताना त्यात काय आहे आणि काय नाही, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगावे. शेजाऱ्याची नक्षी उचलण्याआधी त्याला विचारावे आणि त्याचे मोल द्यावे. आपली नक्षी आजच कागदावर उतरवून नोंदवावी. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि ती हलाल राखण्याची बुद्धी आपणा सर्वांना देवो.