व्हॉल्व्ह काढणे हा इलाज नव्हे

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकण्याची आपल्या काही मिस्त्री बांधवांची सवय आम्हांस पटत नाही. व्हॉल्व्ह नसला की पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरते. इंजिन उशिरा गरम होते, पेट्रोल जास्त जाते. हा खर्च गिऱ्हाईक महिनोन्महिने भरते आणि नाव गॅरेजचे जाते. मालवणात हीटर कोणाला हवा, असे म्हणाल. पण पावसाळ्यात आंबोली घाट चढताना काचेवर धरलेली वाफ घालवायला तोच कामी येतो.

जुना व्हॉल्व्ह थंड असताना बंद आणि उकळत्या पाण्यात उघडा दिसला पाहिजे. नसेल तर नवा बसवा. तापण्याचे मूळ पुष्कळदा रेडिएटरच्या गाळात असते. तो साफ करा, आणि किनाऱ्यावरच्या विहिरीचे खारट पाणी न भरता कूलंट घाला.