निकालावर पगार नको



शिक्षकांचा पगार विद्यार्थ्यांच्या गुणांवर ठरवावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. असा प्रयत्न आपल्याकडे झाला आहे. 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने माध्यमिक शिक्षकांच्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीला नववी-दहावीच्या 80 टक्के निकालाची अट घातली. पुढे ती काढावी लागली. आमच्या राजूर परिसरात भातकापणी उरकली की अनेक आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात, मुलेही सोबत जातात. अशा मुलाला पुन्हा वर्गात आणून वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकाचाच पगार कापायचा? मग कच्च्या मुलाला कोणती शाळा दहावीपर्यंत जाऊ देईल? कामचुकारांवर कारवाई जरूर करा. पण आधी दुर्गम शाळांतील रिक्त पदे भरा.

– एक पालक, राजूर (ता. अकोले, जि. अहिल्यानगर)