रविवारचा कचरा

‘सीए झालेला मुलगा रविवारी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलतो, शोभतं का? त्यापेक्षा देणगी द्यावी!’ आपल्याच भिशीत हे ऐकलं आणि रागच आला. देणगीला करसवलतीची पावती मिळते, फलकावर नाव लागतं. श्रमाला करसवलत नाही, एवढं मला बी.कॉम.लाही कळतं. २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने तिथे स्वतः हात घातले. नुसता चेक फाडला असता तर प्लास्टिक हललं असतं? वैयावृत्त्य आपण तपात मोजतो ना? मग माताजींचे पाय चेपणारे हात पवित्र आणि शहराची घाण काढणारे हलके, हे कुठलं शास्त्र? पाणी गाळून पितो आपण. समुद्रात तरंगणाऱ्या त्या पिशव्या कुणाच्या स्वयंपाकघरातून गेल्या?